गाडी पिळली की इंजिन मोकळं होतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात स्पोर्ट्स कार किंवा ताकदवान टर्बो पेट्रोल गाडी चालवणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. गाडी पिळणं किंवा ताणणं म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबून इंजिन वरच्या आरपीएमला (मिनिटाला जास्त फेऱ्यांवर) नेणं. आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर मॅन्युअलचाच धरा.

१. गाडी पिळली की इंजिन मोकळं होतं, पिकअप वाढतो असं सगळे म्हणतात. खरंच ताकद वाढते का?

नाही. कंपनीनं इंजिन जेवढ्या ताकदीचं बनवलं, त्यावर एक अश्वशक्तीसुद्धा पिळण्यानं चढत नाही. सिलिंडरचा आकार, टर्बोचा (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याचा) दाब, व्हॉल्व्हची उघडझाप आणि ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये) भरलेलं मॅपिंग यावर ती ताकद ठरते, आणि यातलं काहीच तुमच्या पायानं बदलत नाही.

हरवलेली ताकद मात्र परत मिळू शकते. तीही चारच कारणांनी हरवली असेल तर: प्लगवर काजळी धरली असेल, ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल मिसळलं असेल, ईसीयूनं इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे घेतलं असेल, किंवा डिझेल गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरला असेल. प्लगला वीज देणारी कमजोर कॉइल, तुंबलेला एअर फिल्टर, फाटलेला टर्बो होज, पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा यातलं काहीही पिळून बरं होत नाही, उलट बिघडतं.

घोटाळा ‘मोकळं’ या शब्दात आहे. नव्या इंजिनाच्या रिंगा बसणं (प्रश्न ९), काजळी जळून जाणं (प्रश्न ४ आणि १५) आणि ईसीयूनं नव्यानं शिकणं (प्रश्न ११) या तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो.

२. मग ही समजूत आली कुठून? जुने मेस्त्री तर शपथेवर सांगतात.

जुने मेस्त्री खोटं सांगत नाहीत. ते कार्बोरेटरच्या गाड्यांबद्दल सांगतात. त्या गाड्यांत पेट्रोल-हवेचं प्रमाण स्क्रू फिरवून बसवायचे आणि गावातल्या हळू चालीत मिश्रण बहुतेक वेळा जाड राहायचं. प्लग काळे पडायचे, इंजिन फटफटायचं. मोकळ्या रस्त्यावर वीस मिनिटं ताणून आणलं की प्लग तापून साफ व्हायचे आणि गाडी सुतासारखी सरळ यायची. तीन-चार कार्बोरेटर असलेल्या इटालियन स्पोर्ट्स कारना हा त्रास जास्त असायचा, म्हणून या उपायाला जगभर ‘इटालियन ट्यून-अप’ म्हणतात. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर मिश्रण सतत दुरुस्त करत असतो. उपाय तोच राहिला, पण तो ज्या रोगावर होता तो रोग बराचसा गेला.

३. माझी गाडी रोज राजवाडा ते एमआयडीसी एवढीच चालते, जेमतेम पाच-सहा किलोमीटर. यानं इंजिन जाम होतं का?

जाम होत नाही, पण घाण होतं. स्पोर्ट्स कारचं खरं नुकसान पिळण्यापेक्षा अशा छोट्या फेऱ्यांनी जास्त होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

टेम्परेचरचा काटा मध्यावर आला की लोकांना इंजिन गरम झालं असं वाटतं. तो काटा कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) असतो. ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं आणि ९० अंशांच्या पुढे जायला साधारण १२ ते १५ किलोमीटर धावणं लागतं. पाच किलोमीटरवर गाडी बंद झाली की थंड सिलिंडरच्या भिंतीवरून खाली झिरपलेलं पेट्रोल आणि जळण्यातून तयार झालेलं पाणी ऑइलमध्येच राहतं. रोज सकाळ-संध्याकाळ त्यात भर पडते.

हे डोळ्यांनी बघता येतं. पावसाळ्यात ऑइल भरायचं झाकण उघडून आतून पाहा. दुधाच्या सायीसारखा पिवळट, चिकट थर दिसला तर ते ऑइलमध्ये मिसळलेलं पाणी आहे. बोटानं पुसा, गाडी ४० किलोमीटर चालवून आणा आणि पुन्हा पाहा. थर परत आला नाही तर ती फक्त वाफ होती. परत आला आणि कूलंटच्या टाकीतली पातळीही उतरत असेल तर हेड गॅस्केटची (इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलची) तपासणी करून घ्या, तोवर गाडी ताणू नका. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी वाढलेली दिसत असेल आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर आधी ऑइल बदला.

अशा गाडीला आठवड्यातून एकदा ३०-४० किलोमीटरची सलग फेरी द्या. ती फेरी फार ताणायचीही गरज नाही, इंजिन पूर्ण तापलं की निम्मं काम होतं.

४. प्लग काढून पाहिला तर गाडीला ताणून चालवायची गरज आहे की नाही हे कळतं का?

बऱ्यापैकी कळतं, आणि ५०० रुपयांच्या क्लीनरची बाटली ओतण्याआधी हेच करावं.

इंजिन पूर्ण थंड असताना कॉइल काढा, खाचेतली धूळ हवेनं उडवा (ती सिलिंडरमध्ये पडता कामा नये) आणि प्लग क्रमानं मांडून ठेवा. टोकाचं चिनी मातीचं इन्सुलेटर फिकट तपकिरी, चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक आहे, पिळून काही मिळणार नाही. कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी असेल आणि कापडानं सहज पुसली जात असेल तर प्लग पुरेसा तापत नाहीये. इथे लांब, ताणलेली फेरी खरोखर उपयोगी पडते, कारण प्लगचं टोक ४५० ते ५०० अंशांच्या पुढे गेलं की ही काजळी आपोआप जळते. काळा थर ओला, तेलकट असेल तर तो ऑइलचा आहे, त्यासाठी प्रश्न १६ पाहा. इन्सुलेटर पांढराफटक आणि टोक वितळल्यासारखं दिसत असेल तर प्लग आधीच जास्त तापतोय. अशी गाडी पिळली तर पिस्टनला भोक पडू शकतं.

चारपैकी एकच प्लग वेगळा दिसत असेल तर दोष त्याच सिलिंडरच्या कॉइलमध्ये किंवा इंजेक्टरमध्ये शोधा. प्लग परत बसवताना आधी हातानं फिरवत न्या आणि शेवटी टॉर्क रेंचनं आवळा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की खर्च मोठा येतो.

५. माझं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं आहे. पिळल्यानं व्हॉल्व्हवरचा कार्बन जातो का?

इनटेक (हवा आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हच्या पाठीवरचा जात नाही. जुन्या पद्धतीच्या पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोलचा फवारा व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो आणि ती धुतली जाते. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत जातं. क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या भागातून) आलेली ऑइलची वाफ व्हॉल्व्हच्या पाठीवर बसते, भाजते आणि डांबरासारखी कडक होते. तिला धुणारं तिथे काहीच पोहोचत नाही, तुम्ही तीन हजार आरपीएमवर चालवा की सहा हजारावर. म्हणूनच पेट्रोलच्या टाकीत ओतायचा क्लीनरही तिथे चालत नाही. पीईए (थर विरघळवणारं रसायन) असलेला चांगला क्लीनर इंजेक्टरचं तोंड आणि सिलिंडरच्या आतला थर साफ करतो, त्यापुरता तो घ्या.

लक्षणं अशी: थंड इंजिन सुरू झाल्यावर पहिलं मिनिटभर हेलकावतं, वरच्या आरपीएमला दम कमी वाटतो, आणि हे हळूहळू दोन-तीन वर्षांत वाढत जातं. साधारण ६०,००० ते १,००,००० किलोमीटरच्या दरम्यान एकदा इनटेक मॅनिफोल्ड काढून आत पाहून घ्यावं. उपाय अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्याचा मारा. ज्या सिलिंडरचं काम चालू असेल त्याचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद हवेत, नाहीतर भुगा आत जातो. हे काम प्रत्येक गॅरेजात होत नाही. ‘आम्ही केमिकल फवारून करतो’ असं सांगितलं तर व्हॉल्व्हचे आधीचे आणि नंतरचे फोटो मागा. कडक थर केमिकलनं क्वचितच पूर्ण निघतो. काही इंजिनांत पोर्ट आणि डायरेक्ट अशी दोन्ही इंजेक्शन असतात, त्यांना हा त्रास फार कमी होतो.

६. नीट ताणून चालवायची म्हणजे नेमकी कशी?

वेग नको, भार आणि उष्णता हवी. हे समजलं की निम्म्या चुका टळतात.

निघण्याआधी ऑइल, कूलंट, टायरमधली हवा आणि डॅशबोर्डवर कुठला दिवा लागलेला नाही ना हे पाहा. सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबा आणि सौम्य निघा. पहिले १५ किलोमीटर ३,००० आरपीएमच्या आत. ऑइल टेम्परेचर दिसत असेल तर ८५-९० अंश होऊ द्या. मग तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० पासून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि लाल रेषेच्या (आरपीएम मीटरवरच्या कमाल मर्यादेच्या) ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत जाऊ द्या. लाल रेषा ७,००० असेल तर ६,००० ला सोडा. सोडल्यावर गिअर तोच ठेवून इंजिन ब्रेकिंगवर वेग उतरू द्या. दीड-दोन मिनिटं साधं चालवा, पुन्हा तेच. अशा पाच-सहा ओढी पुरेत. त्यानंतर दहा मिनिटं एकसारख्या वेगानं आणि शेवटचे चार-पाच किलोमीटर अगदी हळू.

तिसऱ्या गिअरमध्ये सहा हजाराआधीच वेगमर्यादा येत असेल, आणि ताकदवान गाडीत ती येतेच, तर दुसरा गिअर वापरा. बऱ्याच गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये ५,५०० ला ताशी ८५ ते १०० च्या मध्ये असतात. दोन्हीतलं जे आधी येईल, वेगमर्यादा किंवा आरपीएम, तिथे पाय काढा. अशी एखादी फेरी करूनही फरक पडला नाही तर दुसरीनंही पडणार नाही, मग दोष शोधायला लागा.

७. यासाठी यवतेश्वरचा घाट चालेल का? चढ असल्यामुळे भार मिळतो ना?

भार मिळतो, पण जागा चुकीची आहे. समर्थ मंदिराकडून गाडी लगेच चढाला लागते, तेव्हा ऑइल थंडच असतं. म्हणजे सगळ्यात जास्त झीज होण्याच्या वेळी तुम्ही सगळ्यात जास्त भार टाकता. शिवाय आंधळी वळणं, पावसाळ्यात धुकं आणि ओला रस्ता, कासच्या फुलांच्या हंगामात गाड्यांची रांग. पसरणी आणि कुंभार्ली घाटालाही हेच लागू.

सातारकरांसाठी सकाळी लवकर कराडच्या दिशेनं एनएच ४८ बरा. शेंद्रे, नागठाणे येईपर्यंत ऑइल तापतं आणि पुढे उंब्रजपर्यंत सरळ पट्टे मिळतात. पुलाची कामं आणि वळवलेला रस्ता असेल तिथे नाद सोडा. मिरजकरांना कवठेमहांकाळकडे जाणारा चौपदरी महामार्ग आहे. गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, उसाच्या डबल ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय रस्त्यावर असतात. त्या दिवसांत अंधारात किंवा पहाटे ही फेरी मुळीच करू नका.

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा मोठ्या रस्त्यावर कारला कमाल ताशी १०० ची मर्यादा आहे. फलकावर कमी असेल तर फलकाची धरा. दोन गाड्यांची शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. इंजिनाला शर्यत लागत नाही, वरची पद्धत लागते.

८. घाटात वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर चढवलं तर इंजिनाला आराम मिळतो ना?

मिळत नाही. लहान टर्बो पेट्रोल इंजिनाला हा सगळ्यात वाईट वापर आहे. १,५०० आरपीएमवर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवून चढ चढलात की पिस्टन हळू आणि दाब प्रचंड अशी अवस्था होते. सिलिंडरमधला ऑइलचा थेंब किंवा सुटलेली काजळी स्पार्कच्या आधीच पेटते आणि मिश्रण अवेळी भडकतं. याला लो-स्पीड प्री-इग्निशन म्हणतात. एका झटक्यात पिस्टनची रिंगेची खाच तुटल्याची उदाहरणं आहेत.

पसरणी चढताना दुसरा किंवा तिसरा गिअर आणि २,५०० ते ३,५०० आरपीएम ठेवा. आवाज जास्त येईल, पण इंजिन मोकळेपणानं ओढेल. ऑइलच्या डब्यावर एपीआय एसपी किंवा त्यानंतरचा दर्जा असावा. २०२० साली आलेला हा दर्जा या त्रासाची चाचणी घेऊनच दिला जातो.

९. गाडी नवीन आहे. पहिल्या दिवसापासून पिळली तर पुढे वेगवान होते म्हणतात. की जपून चालवावी?

दोन्ही टोकं चूक. रिंगांना सिलिंडरच्या भिंतीवर बसायला त्यांच्या मागून वायूचा दाब लागतो, आणि दाब भार टाकल्यावरच मिळतो. म्हणून पहिले हजार किलोमीटर ताशी ६० नं पाचव्या गिअरमध्ये रांगत काढणं बरोबर नाही. आजच्या इंजिनात होनिंग (सिलिंडरची भिंत घासून नेमकी करणं) कारखान्यातच इतकं बारीक होतं की रिंगांचं बरंचसं बसणं सुरुवातीच्या थोड्या किलोमीटरमध्ये उरकतं. बेअरिंग, गिअरचे दाते, डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटणारा गिअरचा भाग) यांना मात्र वेळ लागतो. कंपन्या मर्यादा घालतात ती या सगळ्यांसाठी.

बीएमडब्ल्यू एम गाड्यांना पहिले २,००० किलोमीटर ५,५०० आरपीएम आणि ताशी १७० च्या आत सांगितलेले असतात आणि २,००० ला रनिंग-इन (नवं इंजिन बसण्याच्या काळातली) सर्व्हिस असते, ज्यात इंजिन ऑइलसोबत डिफरन्शियलचंही ऑइल बदलतात. पोर्शेच्या अनेक मॉडेलना पहिले ३,००० किलोमीटर साधारण ४,००० आरपीएमच्या आसपास ठेवायला सांगतात. आपल्याकडे १७० चा प्रश्नच येत नाही, आरपीएमची मर्यादा मात्र पाळा.

इंजिन तापल्यावर अर्धा ते पाऊण अ‍ॅक्सिलरेटर देऊन मर्यादेपर्यंत न्या, इंजिन ब्रेकिंगवर खाली आणा, वेग बदलता ठेवा. सातारा ते पुणे एकाच वेगावर क्रूझ कंट्रोल लावून जाणं या काळात टाळा. पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये घर्षण किंचित कमी होतं आणि गाडी थोडी हलकी वाटते. हे सगळ्याच गाड्यांत होतं, पिळणाऱ्यांच्याच नाही.

१०. इंजिन बोअर करून नवे पिस्टन टाकलेत. रनिंग-इन नव्या गाडीसारखंच का?

नाही, इथे जास्त काळजी लागते, कारण होनिंग गावातल्या मशीनवर झालेलं असतं आणि भिंत कारखान्यापेक्षा खरखरीत असते. पहिल्यांदा सुरू केल्यावर उभ्या गाडीत तासभर आयडलिंग करू नका. गळती आणि ऑइल प्रेशर पाहा, कूलंटमधली हवा काढा आणि लगेच रस्त्यावर घ्या. सुरुवातीला साधं मिनरल ऑइल. पहिले ८०-१०० किलोमीटर मध्यम भार, भरपूर इंजिन ब्रेकिंग, ४,००० च्या आत. मग ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. जुनं ऑइल चुंबकावर ओतून पाहा: बारीक राखाडी चिखल चालतो, चमकणारे तुकडे चालत नाहीत. पुन्हा ५०० ला आणि १,५०० ला बदला, त्यानंतरच सिंथेटिक.

फार जपून चालवलं तर भिंतीवर काचेसारखी चकाकी येते, याला ग्लेझिंग म्हणतात. मग रिंगा कधीच बसत नाहीत आणि गाडी ऑइल खात राहते. ती चकाकी नंतर पिळून जात नाही, इंजिन पुन्हा उघडून होनिंगच करावं लागतं.

११. हायवेला ताणून आणल्यावर गाडी दोन दिवस खरंच हलकी वाटते. हा भास आहे का?

सगळाच भास नाही. ऑटोमॅटिक आणि ड्युअल क्लच गिअरबॉक्स तुमच्या पायाची सवय काही प्रमाणात लक्षात ठेवतात आणि गिअर उशिरा बदलू लागतात. इंजिन तेवढंच असतं, पण गाडी तुम्हाला ते वापरू देते.

दुसरं कारण पेट्रोलचं. ९५ ऑक्टेन (अवेळी न भडकण्याची पेट्रोलची क्षमता सांगणारा आकडा) मागणाऱ्या इंजिनात त्याहून कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरलं की नॉक सेन्सरला मिश्रण अवेळी भडकल्याची टकटक ऐकू येते आणि ईसीयू टायमिंग मागे घेतो. ताकद खरोखर कमी होते. नंतर तुम्ही ९५ चं भरलं तरी टायमिंग लगेच पुढे येत नाही. जास्त भाराखाली टकटक होत नाहीये हे ईसीयूला तपासावं लागतं, आणि गावात तसा भार येतच नाही. हायवेवरच्या ओढींत तो आला की टायमिंग पूर्ववत होतं. इथे पिळण्याचा खराखुरा फायदा दिसतो. पण मॅन्युअलमध्ये ९१ पुरेसं लिहिलं असेल तर महागडं पेट्रोल आणि पिळणं या दोन्हींतून बहुतेक काही हाती लागत नाही.

बॅटरीची वायर काढून ईसीयू ‘रिसेट’ करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्यानं शिकलेलं सगळं पुसलं जातं आणि काही दिवस आयडलिंग, गिअर बदलणं बिघडतं. करू नका.

१२. फरक पडला की नाही हे मोजायचं कसं?

डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) आधी आणि नंतर, एकाच दिवशी, हे सर्वोत्तम. ते शक्य नसेल तर ओबीडी पोर्टमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायच्या सॉकेटमध्ये) लावायचा, फोनवर आकडे दाखवणारा लॉगर घ्या. एकच सरळ पट्टा, एकच गिअर, २,५०० ते ५,००० आरपीएमला लागणारा वेळ, दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा. सरासरी काढा. फोनकडे शेजारी बसलेल्यानं पाहावं.

जागा आणि हवा बदलली की मोजमाप फसतं. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १०० मीटर उंचीला साधारण एक टक्क्यानं घटते. सातारा शहर सुमारे ७०० मीटरवर आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. म्हणजे महाबळेश्वरला गाडी सहा-सात टक्क्यांनी मंद वाटणारच, आणि खाली उतरल्यावर ‘घाटात इंजिन मोकळं झालं’ असं वाटणंही साहजिक आहे. टर्बो इंजिन हे बरंचसं भरून काढतं, पण एप्रिलच्या दुपारी त्याचा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) तापून दम जातो. सकाळची चाचणी दुपारच्या चाचणीशी ताडून पाहू नका.

१३. गाडी महिनोन्‌महिने उभी असते. दर रविवारी जागेवर दहा मिनिटं सुरू करून रेस करतो. पुरे आहे का?

हे बंद करा. न्यूट्रलमध्ये रेस करताना भार नसतो, त्यामुळे ना प्लग साफ होण्याइतका तापतो, ना रिंगांमागे दाब येतो. थंड ऑइलवर बेअरिंगची झीज मात्र होते. दहा मिनिटांत सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तो आतून गंजतो, बॅटरीही नीट भरत नाही.

पंधरा दिवसांतून एकदा २५-३० किलोमीटर चालवा. ते जमत नसेल तर गाडी अजिबात सुरू करू नका आणि बॅटरीला मेंटेनर चार्जर लावून ठेवा. पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे टाकीतलं पेट्रोल दोन-तीन महिन्यांपेक्षा जुनं होऊ देऊ नका. उभ्या गाडीची पहिली फेरी सौम्यच ठेवा, टायरचे चपटे झालेले भाग आणि गंजलेल्या ब्रेक डिस्क आधी पूर्ववत होऊ द्या.

१४. ताणून आणल्यावर लगेच बंद केली तर चालते का?

टर्बो असेल तर नाही. टर्बाइनकडचं तापमान ९०० अंशांच्या आसपास गेलेलं असतं. इंजिन बंद झालं की ऑइलचा प्रवाह थांबतो आणि बेअरिंगमध्ये राहिलेलं ऑइल भाजून कोळसा होतं. आजच्या बऱ्याच टर्बोंना पाण्याचं कूलिंग असतं आणि इंजिन बंद झाल्यावरही पंप थोडा वेळ चालतो, पण त्यावर विसंबू नका. शेवटचे दोन-तीन किलोमीटर बूस्ट (टर्बोचा दाब) न देता चालवणं हा सर्वात चांगला उपाय आहे. घाट चढून वर थेट पार्किंगला थांबायचं असेल तर एक मिनिट आयडल ठेवा.

१५. डिझेल गाडीला ताणून चालवायला शोरूमच सांगतं. मग पेट्रोललाच काय प्रॉब्लेम?

डिझेलचं कारण वेगळं आहे. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस६ डिझेलमध्ये डीपीएफ असतो. त्यातली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं आणि ते गावातल्या वापरात टिकत नाही. डीपीएफचा दिवा लागला की २,००० ते २,५०० आरपीएमवर १५-२० मिनिटं सलग चालवा, लाल रेषेजवळ जायची गरज नाही. आयडल थोडं वाढलेलं, पंखा जोरात आणि जळका वास अशी चिन्हं असतील तर रिजनरेशन (काजळी जाळण्याचं काम) चालू आहे, गाडी बंद करू नका. ते वारंवार अर्धवट तुटलं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी वाढते.

१६. १,२०,००० किलोमीटर झालेत, गाडी ऑइल खाते. पिळली तर चिकटलेल्या रिंगा सुटतील का?

क्वचित, आणि त्या आशेवर राहू नका. आधी ऑइल जातंय कुठून ते शोधा. लांब उतार इंजिन ब्रेकिंगवर उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सीलवर संशय घ्या. सतत भाराखाली धूर असेल तर रिंगा किंवा टर्बो.

मग कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर किती दाब धरतो याची चाचणी). इंजिन गरम, बॅटरी भरलेली, सगळे प्लग काढलेले, इंजेक्टर आणि इग्निशन बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे द्या आणि आकडा लिहा. सिलिंडरमधला फरक १० ते १५ टक्क्यांच्या आत हवा. जिथे कमी आलं तिथे चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. कॉम्प्रेशन चांगलं असूनही ऑइल जात असेल तर ऑइल कंट्रोल रिंगा चिकटल्या असण्याची शक्यता जास्त. त्यासाठी पिस्टनवर क्लीनर रात्रभर मुरवत ठेवून नंतर ऑइल बदलणं हा उपाय करून पाहण्यासारखा आहे. ऑइलची पातळी खाली असताना गाडी पिळली तर वळणात पंपाला हवा लागते आणि बेअरिंग जातात.

१७. कोणत्या वेळी अजिबात पिळू नये?

इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तेव्हा. स्थिर दिवा म्हणजे दोष नोंदला गेला, लुकलुकणारा म्हणजे आत्ता मिसफायर होतोय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन पेटतंय. तो वितळायला फार वेळ लागत नाही. गोडसर वासाचा पांढरा धूर, वर चढणारा टेम्परेचरचा काटा, ऑइल प्रेशरचा दिवा, टायमिंग बेल्टची मुदत उलटलेली, या सगळ्या वेळीही नाही. टायरचं वयही पाहा: बाजूला कोरलेल्या चार आकड्यांत २३२० असेल तर टायर २०२० सालच्या २३ व्या आठवड्यातला आहे. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांपुढच्या टायरवर अशी फेरी करू नये.

१८. मी नेहमीच ताणून चालवतो. सर्व्हिस किती लवकर करावी?

कंपनीनं १५,००० लिहिलं असेल तर ऑइल ७,५०० ला बदला, किलोमीटर होवोत न होवोत वर्षातून एकदा तरी. साधे निकेलचे प्लग ३०,००० ला, इरिडियमचे मॅन्युअलमधल्या मुदतीआधी एकदा काढून पाहून. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कारण ते पाणी ओढतं आणि घाट उतरताना उकळून पॅडल मऊ पडतं. एअर फिल्टर उसाच्या आणि खडीच्या वाहतुकीच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीत दर ५,००० ला काढून उजेडासमोर धरा.

डिपस्टिक दर १,००० किलोमीटरला पाहा: सपाट जागा, गरम इंजिन, बंद करून पाच मिनिटांनी. खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. ताणून चालवलेल्या टर्बो इंजिनानं १,००० किलोमीटरला थोडं ऑइल घेणं चालतं. अर्धा लिटर जात असेल तर प्रश्न १६ पासून सुरुवात करा.